ट्रेलर डोलून राहिला तर आधी काट्यावर न्या, हिच नंतर बघू

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमच्याकडे डबल कॅब पिकअप आहे, मागे १२ फुटी एका एक्सलचा फूड ट्रेलर बनवून घेतलाय, भट्टी, फ्रीजर, पाणी, सिलेंडर धरून वजन ११०० किलोच्या घरात, ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही. शहरात सगळं ठीक चालते, पण नागपूरच्या वर्धा रोडवर ६०-६५ च्या पुढे गेलं आणि बाजूनं एखादी ट्रॅव्हल्स जोरात निघाली की ट्रेलर डोलायला लागते, आणि मग पिकअपचा मागचा भागही त्याच्यासोबत ओढल्या जाते. मेकॅनिक म्हणतो कमानीत दोन पाटे वाढवा आणि जाड हूक लावा, दुसरा कोणी म्हणतो बाहेरून स्टॅबिलायझरवाला, म्हणजे डोलणं आवरणारा, हिच (ट्रेलर जोडायचा हूक) मागवा. आणि तुमचा प्रश्न असा की यातला कोणता हिच घेऊ.

मी वाडीला ट्रेलर बनवतो आणि दुरुस्त करतो, जनरेटरचे, फूड ट्रेलर, टाक्यांचे, क्वचित बोटीचे पण, आणि डोलणारा ट्रेलर घेऊन जो माणूस येतो तो हाच प्रश्न विचारते, कोणता हूक लावू. पण हूक ही जोडायची वस्तू आहे हो, ती फक्त जोडते. ट्रेलर सरळ चालेल की नाही हे मुख्यतः ठरते वजन एक्सलच्या पुढे किती आणि मागे किती यावर, मग दांडीच्या उंचीवर, मग टायर आणि हवेवर, आणि हे सगळं बरोबर झाल्यावर जे थोडंफार उरते त्याच्यासाठी स्टॅबिलायझर. तुम्ही शेवटून सुरुवात करून राहिले.

आता एक गोष्ट आधीच कबूल करतो, तुमचा ट्रेलर मी पाहिला नाही, त्यामुळे खालचे आकडे तुमच्या वर्णनावरून धरलेले आहेत. बॉक्स १२ फुटी आणि एक्सल अगदी मधोमध असं तुम्ही लिहिलंय, दांडी साडेचार फुटी, म्हणजे पिकअपच्या मागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकते त्या बॉलपासून एक्सलपर्यंत साधारण ३.२ मीटर. पाण्याची १०० लिटरची टाकी आणि फ्रीजर दोन्ही मागच्या दाराजवळ, कारण तिकडून गिऱ्हाईक नाही आणि भरायला सोपं जाते. हे वाचूनच माझ्या डोक्यात घंटी वाजली.

एक्सल मधोमध टाकायची सवय आपल्याकडच्या फॅब्रिकेटर लोकांना आहे, दिसायला बरोबर दिसते आणि हातानं ढकलायला ट्रेलर हलका जाते, मालक पण खूश होते की बघा एका हातानं दांडी उचलते. अरे पण एका हातानं दांडी उचलल्या जाते हीच तर तक्रार आहे. दांडी हलकी म्हणजे हूकवर भार नाही, आणि हूकवर भार नाही म्हणजे ट्रेलरला पुढून कोणी धरून ठेवलेलं नाही. जरा वारा लागला, जरा खड्डा आला, की तो आपल्या एक्सलभोवती डाव्या-उजव्या बाजूनं फिरायला लागते.

हिशेब सोपा आहे. पूर्ण वजन गुणिले, वजनाचा मध्य एक्सलच्या किती पुढे आहे ते अंतर, भागिले बॉल ते एक्सल अंतर. तुमचा मध्य एक्सलच्या फक्त १० सेंटिमीटर पुढे असेल तर ११०० × ०.१० ÷ ३.२, म्हणजे हूकवर ३४ किलो. एकूण वजनाच्या ३ टक्के. ३ टक्क्यांवर ६५ च्या स्पीडला डोलणारच, त्यात आश्चर्य काहीच नाही.

किती पाहिजे यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. अमेरिकेत १० ते १५ टक्के सांगतात. युरोपात ५ ते ७ टक्के पुरे मानतात, पण तिकडे गाड्यांना हूकवर भार घ्यायची मर्यादाच कमी असते आणि ट्रेलरवाल्यांना स्पीडची मर्यादा पण कडक आहे, जर्मनीत ट्रेलर लावल्यावर साधारण ८० ची, वेगळी परवानगी घेतली तर १००. आपल्या रस्त्यांवर, आपल्या बनावटीच्या ट्रेलरला, मी १० टक्क्यांच्या खाली जायला तयार नसतो. आणि वर जायचं तर तुमच्या पिकअपच्या पुस्तकात हूकवर जास्तीत जास्त किती भार चालतो ते लिहिलेलं असते किंवा कंपनीच्या टोइंग किटवर छापलेलं असते, त्याच्या वर नाही. ते न बघता कोणी नुसत्या टक्केवारीवर सांगत असेल तर ऐकू नका, माझं पण नाही.

आता तुमच्या केसमध्ये काय करता येईल बघा. १०० लिटरची भरलेली टाकी, १०० किलो धरू, एक्सलच्या दीड मीटर मागे आहे. ती उचलून एक्सलच्या अर्धा मीटर पुढे आणली तर २ मीटर सरकली, १०० × २ ÷ ३.२, हूकवर ६२ किलो वाढले. ६० किलोचा फ्रीजर १.२ मीटर मागून ०.३ मीटर पुढे आणला, आणखी २८. ३४ अधिक ६२ अधिक २८, झाले १२४ किलो. ११०० चे ११ टक्के. एक रुपयाचा हिच न घेता. पाइप आणि वायरिंग बदलायचा खर्च येईल, तो येऊ द्या.

तुम्ही म्हणाल, मग दोन्ही सिलेंडर दांडीवर टाकून देतो, तेवढाच भार येईल. येईल, १९ किलोवाला कमर्शियल सिलेंडर भरलेला असला की टाकीच्या लोखंडासकट पस्तीसेक किलोचा होते, दोन म्हणजे सत्तर, ते अगदी मागून अगदी पुढे नेले की आकडा जमते. पण आकडा जमला म्हणजे काम झालं असं नाही. दोन टोकांना जड वस्तू असलेला ट्रेलर आणि तेवढंच वजन एक्सलजवळ असलेला ट्रेलर, दोघांचा हूकवरचा भार सारखा असू शकते तरी चाल वेगळी असते. कावड खांद्यावर घेऊन वळून बघा, टोकाला भरलेल्या घागरी असल्या की वळायला वेळ लागते आणि एकदा वळली की थांबता थांबत नाही. टोकाच्या वजनाचं गणित अंतराच्या वर्गानं वाढते, दीड मीटरवरची टाकी अर्ध्या मीटरवर आणली तर तिचा हा झोका तिप्पट नाही, नऊपट कमी होते. म्हणून जड सामान एक्सलच्या जवळ, थोडं पुढे आणि खाली फरशीला लागून. हलकं सामान, प्लेटा, डबे, नॅपकिन, ते जाऊ द्या टोकाला. सिलेंडर पुढे हवेशीर जागी, बॉक्सच्या बाहेर, नीट पट्ट्यानं बांधून, हे गॅसच्या दृष्टीनं चांगलंच आहे, पण भार जमवायचा शॉर्टकट म्हणून नको.

आणि टाकी. अर्धी भरलेली टाकी घेऊन हायवेला निघू नका. पाणी आत हेलकावे खाते आणि नेमकं डोलण्याच्या तालात खाते. एक तर गच्च भरा नाहीतर रिकामी करून जागेवर पोचल्यावर भरा. आता कोणी विचारेल टाकी पुढे आणल्यावर रिकामी झाली तर भार कमी नाही का होणार. होईल, साधारण १६ किलो, पण वजनही १००० झालं, १०८ म्हणजे अजूनही पावणेअकरा टक्के. म्हणूनच ती एक्सलजवळ पाहिजे, भरली-रिकामी झाली तरी फार फरक पडत नाही. आत्ता तुमची उलटी आहे, टाकी भरली की हूक हलका होते.

जर आतली भट्टी, ओटा, पाइप असं सगळं पक्कं बसवलेलं असेल आणि काहीच सरकवता येत नसेल, तर एक्सल मागे घ्यायचा. २५ सेंटिमीटर मागे घेतला तर मध्य एक्सलच्या ३५ सेंटिमीटर पुढे होते, बॉल ते एक्सल ३.४५ मीटर, हूकवर १११ किलोच्या आसपास. कमानीचे हँगर कापून नवीन जागी वेल्ड करायचं काम आहे, चांगल्या वेल्डरला अवघड नाही, पण दोन्ही बाजूचं माप बॉलच्या मध्यापासून तिरकं घ्यायला सांगा, डावं आणि उजवं अंतर सारखं आलं पाहिजे. नुसतं चॅसिसच्या काठावरून माप घेतलं आणि चॅसिस स्वतःच थोडा वाकडा असला तर एक्सल तिरपा बसते आणि ट्रेलर जन्मभर एका बाजूनं चालते, टायर पण खाते.

आता हे सगळं अंदाजानं नाही करायचं. वजन करा. धरमकाटा तर कळमन्यात आहेच, वाडीत पण आहे. ट्रेलर हायवेवर नेताना जसा भरता तसाच भरा. आधी ट्रेलर सुटा करून पूर्ण काट्यावर, ते झालं एकूण वजन. मग जोडून फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर, पिकअप बाहेर. दोघांमधला फरक म्हणजे हूकवरचा भार. फक्त एक अडचण आहे, मोठ्या काट्याचा आकडा १० किंवा २० किलोच्या टप्प्यानं सरकते, त्यामुळे १०० किलोच्या आसपासचा भार मोजायला तो भरवशाचा नाही. एकूण वजनासाठी तो वापरा आणि हूकचा भार मोजायला धान्याच्या दुकानात पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा असते ना, ३०० किलोचा, तो आणा. मी तर तेच करतो. सपाट जमिनीवर ट्रेलर उभा करायचा, चाकांना दगड लावायचे, काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेवायचा, आणि कपलर, म्हणजे दांडीचं बॉलवर बसणारं तोंड, ठोकळ्यावर त्याच उंचीला टेकवायचं ज्या उंचीला ते बॉलवर बसते. उंची चुकली तर आकडा चुकते. मदतीला जो पोरगा असेल त्याला ट्रेलरच्या आत उभं राहू देऊ नका, हे सांगायची गरज नाही असं वाटते पण पडते.

काट्याची चिठ्ठी हातात आली की अर्धं भांडण मिटते. लोक ११०० सांगतात आणि काट्यावर १४०० निघते, कारण स्टीलचा ओटा, ग्रॅनाइट, जनरेटर हे कोणी धरलेलंच नसते.

आता उंची. जोडल्यावर ट्रेलर सपाट पाहिजे किंवा नाक अगदी किंचित खाली. नाक वर असेल तर वजन मागे ढकलल्या जाते आणि तुम्ही केलेला सगळा हिशेब पाण्यात. पिकअपचा मागचा भाग उंच असते आणि आपल्याकडे ट्रेलरची दांडी बऱ्याचदा खाली असते, त्यामुळे बॉल सरळ बंपरला लावला की नाक हमखास वर जाते. याला उपाय म्हणजे खाली उतरलेला बॉल माउंट, एल आकाराचा. तो किती उतरलेला पाहिजे हे असं काढा: ट्रेलर सुटा असताना जॅकवर एकदम सपाट करा, पाण्याची लेव्हल लावून, आणि जमिनीपासून कपलरची उंची मोजा. मग पिकअपमध्ये नेहमीचं सामान आणि माणसं भरून रिसीव्हरची, म्हणजे बॉल माउंट ज्या चौकोनी पाइपात बसते त्याची, उंची मोजा. रिकाम्या पिकअपची नाही. भार आल्यावर मागचा भाग आणखी थोडा बसेल, तो पण धरा.

पाटे वाढवायच्या सल्ल्याबद्दल आता बोलतो, कारण हा सल्ला इकडे सगळ्यात जास्त मिळते. मागचं खाली बसते तर पाटे वाढवा, गाडी सरळ दिसते, मालक समाधानी. पण बघा काय होते ते. हूकवर १२४ किलो आहेत, बॉल मागच्या एक्सलपासून सव्वा मीटर मागे आहे, आणि गाडीचा व्हीलबेस ३.१ मीटर धरा. तर पुढच्या चाकांवरून ५० किलो उचलल्या जातात आणि मागच्या एक्सलवर १२४ नाही, १७४ वाढतात. पाटे टाकून मागचा भाग वर आला तरी हे ५० किलो पुढे परत जात नाहीत. गाडी फक्त सरळ दिसते. स्टिअरिंग तेवढंच हलकं राहते. ५० किलोचा फरक तुमच्या पिकअपला काही वाटणार नाही, म्हणून तुम्हाला पाट्यांची गरज नाही. उलट रिकामी चालवाल तेव्हा मागून उडेल आणि पावसात मागचं चाक घसरेल.

पुढे भार परत न्यायचाच असेल तर त्याच्यासाठी वेट डिस्ट्रिब्युशन हिच असते, त्यात दोन स्प्रिंगच्या दांड्या ट्रेलरच्या दांडीला साखळीनं ताणून ठेवतात आणि त्या ताणामुळे भार पिकअपच्या पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या एक्सलवर वाटल्या जाते. चांगली वस्तू आहे, पण ती लागते अडीच-तीन टनी कॅराव्हॅनला, हूकवर २५०-३०० किलो असताना. आपल्या पातळ चॅनलच्या दांडीवर ती ताणली तर दांडीच वाकेल. ११०० किलोला नको.

आता प्रत्यक्ष हूक. बॉल बंपरला लावला असेल तर आजच काढा. बंपर पत्र्याच्या ब्रॅकेटवर असते, त्याचं काम वेगळं. हूकचं क्रॉसमेंबर, म्हणजे आडवा दांडा, चॅसिसच्या दोन्ही रेलला, प्रत्येक बाजूनं निदान दोन-तीन बोल्टनं धरलेलं पाहिजे, शक्यतो कंपनीनं आधीच दिलेल्या भोकांमध्ये. चॅसिसच्या रेलवर आडवं वेल्डिंग करू देऊ नका, वेल्डच्या कडेला लोखंड ठिसूळ होते आणि तडा तिथूनच सुरू होते, वरून रंग मारला की दिसत पण नाही.

बॉलच्या मापाची गडबड तर इतकी कॉमन आहे की मी आधी व्हर्निअर काढतो, मग बोलतो. युरोपियन मापाचा बॉल ५० मिलिमीटरचा, अमेरिकन २ इंची म्हणजे ५०.८. डोळ्यानं फरक कळत नाही. २ इंची कपलर ५० च्या बॉलवर बसते, पण सैल बसते, खड्ड्यात खडखड करते आणि जोरात उसळी आली तर निघू पण शकते. उलट केलं तर ५० चं कपलर २ इंचीवर नीट बसतच नाही, लॉक अर्धवट लागते आणि माणसाला वाटते लागलं. कपलरवर माप ठोकलेलं असते, बॉलच्या डोक्यावर पण असते, दोन्ही वाचा. लेथवर घडवलेला बिनछापाचा बॉल असेल तर बदलून टाका, तो कोणत्या लोखंडाचा आहे हे कोणालाच माहीत नसते. ५० चा बॉल झिजून कुठेही ४९ च्या खाली आला की तो पण गेला.

ढिलेपणा शोधायची एक सोपी पद्धत सांगतो. ट्रेलर जोडा, पिकअपचा हँडब्रेक ओढा, मोबाइल कपलरजवळ जमिनीवर टेकवून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ चालू करा आणि एका माणसाला ट्रेलरचा मागचा कोपरा धरून डावीकडे-उजवीकडे जोरात हलवायला सांगा. मग व्हिडिओ बघा. नुसत्या डोळ्यांना वाटते सगळं एकत्र हलून राहिलं, पण व्हिडिओत स्पष्ट दिसते आधी कोण हलते: बॉल कपलरमध्ये फिरते, की चौकोनी पाइप रिसीव्हरमध्ये ठकठक करते, की पूर्ण क्रॉसमेंबरच चॅसिसवर सरकते. तिसरं दिसलं तर गाडी तिथेच उभी ठेवा. दुसऱ्यासाठी रिसीव्हरला यू बोल्टचा क्लॅम्प लागते, स्वस्तातली वस्तू आहे. पहिल्यासाठी कपलरच्या आत ॲडजस्टिंग नट असते, तो आवळा, नाहीतर कपलर बदला. ट्रेलरच्या कमानीचे बुश आणि शॅकलच्या पिना पण याच व्हिडिओत दिसतील, कॅमेरा तिकडे ठेवून परत एकदा करा.

काही जण म्हणतात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला तर पिन आणि डोळा इतका ढिला असते, ती चालतेच ना. हो, चालते २०-२५ नं. कापसाच्या सीझनमध्ये भरलेली ट्रॉली रस्त्यावर कशी डोलत जाते ते पाहिलंच असेल तुम्ही. त्याच डोलण्याचा ७० च्या स्पीडला विचार करा.

स्पीडचा भाग इथे नीट समजून घ्या, कारण यात लोक फसतात. कमी स्पीडला ट्रेलरला धक्का लागला तर एक-दोन झोक्यात तो आपोआप शांत होते. स्पीड वाढला की तोच झोका शांत व्हायला जास्त वेळ घेते. आणि प्रत्येक ट्रेलर-गाडीच्या जोडीचा एक असा स्पीड असते की त्याच्या पुढे झोका कमी होतच नाही, वाढतच जाते. तुमचं ६५ ला डोलून राहिलं पण थांबते, म्हणजे तुम्ही त्या हद्दीच्या अलीकडे आहात, पण किती अलीकडे ते कोणी सांगू शकत नाही. स्टॅबिलायझर, म्हणजे घर्षणानं बॉलला धरून ठेवणारं कपलर किंवा बाजूला लावायचा फ्रिक्शन बार, हे काय करते तर ती हद्द थोडी पुढे ढकलते. ३ टक्के भाराच्या ट्रेलरला ते लावलं तर तुम्हाला ६५ ला काहीच जाणवणार नाही आणि तुम्ही ८५ ला जाल, आणि तिथे जेव्हा सुरू होईल तेव्हा सावरायला जागा नसेल. म्हणून मी आधी लावत नाही. आणि घ्यालच कधी तर लक्षात ठेवा, साध्या कपलरच्या बॉलला ग्रीस लागते, पण फ्रिक्शन पॅडवाल्या कपलरला बॉल कोरडा ठणठणीत पाहिजे, पेंट पण खरवडून काढायचा. त्याच्यावर ग्रीस फासून आणलेले पाहिलेत मी, मग म्हणतात इंपोर्टेड माल बेकार आहे.

टायर. ट्रेलरवर जुने कारचे टायर टाकायची पद्धत आहे, ती सोडा. तुमच्या प्रत्येक चाकावर साधारण ४९० किलो येतील. टायरवर लोड इंडेक्स लिहिलेला असते, ८८ म्हणजे ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५. मी ९१ च्या खाली टाकणार नाही, आणि शक्य असेल तर कमर्शियल प्रकारचा कडक बाजूचा टायर, कारण मऊ साइडवॉल डोलण्याला साथ देते. बाजूला चार आकडी तारीख असते, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. फूड ट्रेलर महिनोन् महिने उन्हात उभा असते, वरची नक्षी चांगली दिसते पण साइडवॉलला बारीक भेगा पडलेल्या असतात. पिकअपच्या मागच्या टायरला दाराच्या खांबावर फुल लोडची जी हवा लिहिली आहे ती भरा, रिकाम्या गाडीची नाही. मागचे टायर नरम असले की पिकअपचं ढुंगणच आधी हलते आणि दोष ट्रेलरला जाते.

हवा सकाळी थंड टायरमध्ये मोजा. मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर पारा जाते, दुपारी चालून आल्यावर हवा ४-५ पॉइंट जास्त दाखवते आणि लोक घाबरून काढतात. काढू नका. काढली की टायर आणखी दबते, आणखी तापते, आणि फुटते. समृद्धीवर तर सिमेंटचा रस्ता, वळण नाही, सिग्नल नाही, तास-तास एकाच स्पीडनं टायर चालून राहिला, वरून उघड्या माळावरचा आडवा वारा. तिकडे कारला १२० ची मर्यादा आहे म्हणून ट्रेलर लावून पण तसं जाता येते असं नाही. हे सगळं दुरुस्त झाल्यावरही तुमच्या जोडीला माझ्या मते ७० पुरे.

ब्रेकबद्दल तुम्ही विचारलं नाही पण मला सोडवत नाही. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक सक्तीचा आहे, आणि तो आकडा उगाच नाही. ११०० किलो मागून ढकलत असताना तुम्ही पावसात वळणावर ब्रेक दाबला की ट्रेलर पिकअपचं मागचं टोक बाजूला सारते. दोन प्रकार आहेत. ओव्हररन ब्रेक, ज्यात ट्रेलर पुढे रेटला की कपलरच आत दबते आणि ब्रेक ओढते, वायरिंगची भानगड नाही. आणि इलेक्ट्रिक ड्रम, त्याला केबिनमध्ये कंट्रोलर लागते. महाग पडते, पण त्याचा एक मोठा फायदा की डोलायला लागलं तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हातानं लावता येते आणि ट्रेलर मागून ताणल्यासारखा सरळ होते. पैसे खर्च करायचेच असतील तर स्टॅबिलायझरच्या आधी यात करा. सोबत दोन साखळ्या, कपलरच्या खालून एकमेकींना छेद देऊन, म्हणजे कपलर निसटलंच तर दांडी साखळीच्या झोळीत पडेल, रस्त्यात रुतणार नाही. आणि ब्रेक बसवला की ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रेलर सुटलाच तर त्याचा ब्रेक आपोआप लावणारी.

चालवताना डोलायला लागलं तर काय करायचं हे आत्ताच पाठ करा, तेव्हा विचार करायला वेळ नसते. ॲक्सिलरेटर सोडा. स्टिअरिंग सरळ धरा, झोक्याच्या मागे मागे फिरवू नका, कारण तुमचा हात नेहमी अर्धा झोका उशिरा पोचते आणि तुम्ही त्याला आणखी जोर देता. ब्रेक खचकन दाबू नका. स्पीड वाढवून ट्रेलर ताणून सरळ होते असं जे सांगतात ते उतारावर एकदा केलं की दुसऱ्यांदा सांगायला राहत नाहीत. ट्रॅव्हल्स ओव्हरटेक करून राहिली तर तिची हवा आधी ट्रेलरला बाहेर ढकलते आणि मग आत खेचते, म्हणून आरशात दिसली की आधीच थोडा डावा घ्या आणि स्पीड पाच-दहानं कमी करा.

सगळं करून झालं की रविवारी सकाळी लवकर आउटर रिंग रोडवर मोकळा पट्टा बघून ट्राय घ्या. ४० वर हळूच लेन बदला, आरशात झोके मोजा. दुसऱ्या झोक्यात शांत झाला तर ५०, मग ६०. तिसरा झोका दिसला तर तिथेच थांबा, वर जाऊ नका, परत काट्यावर.

आणि कागदांचं एवढंच की ट्रेलरची नोंदणी वेगळी असते, पिकअपच्या आरसीत तो येत नाही. तुमची गाडी एमएच ३१ ची असो, ४० ची की ४९ ची, आपल्या आरटीओत जाऊन ट्रेलरच्या पासिंगचं विचारून घ्या आणि विमा कंपनीला ट्रेलर ओढता हे लेखी कळवा. एक्सल सरकवायचा विचार असेल तर पासिंगच्या आधी सरकवा.

आता तुम्ही एवढं करा, भरलेल्या ट्रेलरचं एकूण वजन, प्लॅटफॉर्म काट्यावरचा हूकचा भार, कपलरची आणि बॉलची जमिनीपासून उंची, बॉलवर छापलेलं माप आणि टायरवरचा लोड इंडेक्स इथेच टाका. ट्रेलरचा बाजूनं एक फोटो पण टाका, जोडलेला, पूर्ण दिसेल असा, दोन्ही गाड्यांची चाकं फोटोत आली पाहिजेत. त्यावरून टाकी कुठे घ्यायची आणि बॉल माउंट किती इंच खाली पाहिजे ते सांगतो. तोपर्यंत ५० च्या वर नेऊ नका, आणि ते पाटे वाढवायचं काम दिलं असेल तर मेकॅनिकला फोन करून थांबवा.